कायमचे दिवे ठोकण्याआधी आठवडाभर तात्पुरते लावून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून बघतेय की चार माणसं किल्ल्यांचा विषय काढून बसली की थोड्या वेळात कुणीतरी म्हणतंच, "आता तिथं मस्त लायटिंग झालं पाहिजे." किल्ल्यांचंच कशाला, घाट, जुने वाडे, देवळं, पूल, सगळीकडे हीच मागणी आहे. मी स्वतः याच धंद्यात आहे, म्हणजे इमारतीला रात्री उजेड कुठून, किती आणि कुठल्या रंगाचा द्यायचा हे ठरवणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे लोकांना प्रकाशाची आवड लागतेय याचा मला आनंदच आहे. पण आपल्याकडे हे काम ज्या पद्धतीनं होतं ते बघून काळजी वाटते म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. कुठल्याही जुन्या वास्तूवर कायमचे दिवे बसवण्याआधी तिथं आठवडाभराचा जाहीर कार्यक्रम घ्या, तात्पुरते दिवे लावा, गावाला रात्री बोलवून दाखवा, लोक काय म्हणतात ते लिहून घ्या आणि मगच टेंडर काढा. आमच्या भाषेत याला मॉकअप म्हणतात. मोठ्या हॉटेलांच्या आणि मॉलच्या कामात तो होतोच, कारण मालक स्वतःचे पैसे घालत असतो आणि त्याला बघितल्याशिवाय चेक फाडायचा नसतो. सार्वजनिक कामात मात्र तो क्वचितच होतो.

मॉकअप नसला की काय होतं ते आमच्या भागात बघितलंय. नदीकाठचं एक गाव, नाव घेत नाही, तिथल्या घाटावर लायटिंग झालं. टेंडरमध्ये काय होतं तर फ्लड लाइट इतक्या वॅटचे इतके नग, खांब इतके, केबल इतके मीटर, बास. उजेड कशावर पडणार, बसणाऱ्याच्या डोळ्यात जाणार का, समोरच्या घरांच्या खिडक्यांत घुसणार का, याबद्दल एक ओळ नाही. खांब घाटाच्या वरच्या अंगाला लागले आणि फोकस नदीकडे तोंड करून, त्यामुळे पाण्याकडून पायऱ्या चढणाऱ्या माणसाला पायरीच दिसत नाही, समोर नुसता पांढरा भगभगीत झोत. जमिनीत पुरायचे दिवे आले ते आयपी ६५ चे, म्हणजे पावसाचा मारा सोसतील पण बुडाले की संपले, आणि घाट तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पहिल्याच पुरात दिवे गेले, त्यांच्यासाठी दगडात पाडलेली भोकं तेवढी राहिली. दिवा बदलता येतो हो, अडीचशे वर्षांच्या दगडातलं भोक बुजवता येत नाही, सिमेंट भरलं तर डाग आणखी वाईट दिसतो.

आता हे दुसरीकडे कसं करतात ते सांगते. स्वीडनमध्ये योतेबोरी (गोथेनबर्ग) शहरापासून लोकल ट्रेननं पाऊण तासाच्या आत अलिंगसोस नावाचं गाव लागतं, वस्तीनं आमच्या वाईपेक्षाही लहान, बटाट्यासाठी आणि कॅफेंसाठी प्रसिद्ध. या गावानं २००० साली लाइटिंगचं वर्कशॉप सुरू केलं आणि पुढे वर्षानुवर्षे चालवलं. निरनिराळ्या देशांतले विद्यार्थी यायचे, प्रत्येक गटाला एक अनुभवी डिझायनर मार्गदर्शक म्हणून मिळायचा आणि गावातली एकेक जागा वाटून दिली जायची, कुणाला नदीकाठची झाडं, कुणाला चर्चचा परिसर, कुणाला बागेचा कोपरा किंवा साधा बोळ. आठवडाभर दिवसा स्केच आणि रात्री फोकसिंग. मग सप्टेंबरच्या अखेरीला गाव उघडायचं आणि पुढचे पाचेक आठवडे लोक नकाशा घेऊन संध्याकाळी चालत फिरायचे. मी शिकत असताना तिथं गेले होते. मला सगळ्यात आवडलं ते हे की सगळं तात्पुरतं होतं, दिवे गवतात खुंटीवर टोचलेले किंवा झाडाला मऊ पट्ट्यानं बांधलेले, आणि तरी काम पहिल्या दर्जाचं, कुठे केबल पायात येत नव्हती की डोळ्यात दिवा येत नव्हता. हॉटेलं, कॅफे भरलेली, आजी-आजोबा, बाबागाडीतली पोरं, सगळे आपल्याच गावातून पर्यटकासारखे फिरत होते, आणि "हे झाड मी रोज बघते पण असं कधी दिसलं नव्हतं" असं एकमेकांना सांगत होते.

फ्रान्समधलं ल्यों तर या बाबतीत सगळ्यांचं आजोळ म्हणावं असं शहर. १८५२ साली तिथं टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता, सप्टेंबरचा मुहूर्त होता, पण सोन नदीला पूर आला आणि कारखान्यात पाणी शिरलं म्हणून तो ८ डिसेंबरवर गेला, त्या दिवशीही वादळ आलं, आणि संध्याकाळी आभाळ निवळल्यावर लोकांनी आपणहून खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. अजूनही ८ डिसेंबरला तिथल्या घरांच्या खिडक्यांत रंगीत काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्या लागतात. त्याच शहरानं १९८९ मध्ये अख्ख्या गावाचा प्रकाश आराखडा केला, म्हणजे कुठली इमारत उजळायची, कुठली नाही, रस्त्याला किती, नदीला किती, आणि पुढे त्या एका रात्रीचा चार रात्रींचा उत्सव झाला, आता वीस लाखांच्या आसपास लोक येतात. आधी लोकांची सवय, मग आराखडा, मग मोठा इव्हेंट, हा क्रम बघा. आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो.

आणि सवय तर आपल्याकडे आहेच की. त्रिपुरी पौर्णिमेला वाईचे घाट, मेणवली, कोल्हापूरचा पंचगंगा घाट पणत्यांनी भरून जातो, जेजुरीच्या दीपमाळा आहेत, वाईत काशी विश्वेश्वराच्या देवळासमोर दीपमाळा उभ्या आहेत. ज्या माणसानं पहिली दीपमाळ घडवली त्याला प्रकाशाची जागा, उंची, वारा, तेल घालायला चढायचं कसं, हे सगळं कळत होतं. त्या ज्योतीचा रंग आमच्या मापात १९०० केल्विनच्या आसपास येतो; या मापात आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, जितका जास्त तितका निळसर. बाजारात "पांढरा" म्हणून मिळणारा एलईडी असतो ६५०० चा, निळसर. काळ्या दगडाच्या देवळावर तो मारला की सगळं राखेसारखं दिसतं, आणि मग "उजेड कमी पडतोय" म्हणून आणखी वॅट वाढवले जातात.

इथं मॉकअपचा खरा उपयोग कळतो, म्हणून जरा तपशिलात सांगते. आपला काळा दगड प्रकाश गिळतो. लांबून खांबावरून त्याच्यावर कितीही फोकस मारा, तो सपाट आणि मळका दिसणार. तेच एक छोटा अरुंद झोताचा दिवा भिंतीच्या बुडाशी, वीतभर अंतरावर ठेवा आणि वर तोंड करा, उजेड भिंतीला घासत वर जातो आणि प्रत्येक टाकीचा घाव उठून दिसतो, दोन चिऱ्यांमधली फट दिसते, पाथरवटाचा हात दिसतो. दिवा आणखी दोन हात मागे घ्या, घाव गायब. हा फरक कागदावर कळत नाही, कॉम्प्युटरच्या थ्रीडी चित्रातही नीट कळत नाही, अंधारात भिंतीसमोर उभं राहून दिवा हलवत बघितला की लहान मुलालाही कळतो. रंगाचंही तसंच. एकाच भिंतीवर शेजारी शेजारी २७००, ४००० आणि ६५०० केल्विनचे तीन दिवे लावा आणि कुठला आवडला ते लोकांना विचारा. मी अशा चाचण्या घेतल्यात. लांबून बघताना काही जण पांढऱ्याला हात वर करतात, भिंतीजवळ आणलं की बहुतेकांचा हात पिवळ्याकडे जातो.

शनिवारवाड्याचंच घ्या. तटाला खाली दगड आहे आणि वर वीट. दगडाला घासून जाणारा उजेड लागतो, विटेला थोडा मागून आणि उबदार रंगाचा, तेव्हा तिचा तांबूसपणा बाहेर येतो, निळसर पांढऱ्यात वीट मेल्यासारखी दिसते. दिल्ली दरवाजाचे ते लांब लोखंडी खिळे, हत्तीला अडवण्यासाठी बसवलेले, त्यांच्यावर समोरून उजेड टाकला तर ते दरवाजात मिसळून जातात, बाजूनं टाकला तर प्रत्येक खिळ्याची सावली फळीवर पडते आणि मग त्या दरवाजाची भीती वाटते, जी वाटायला हवी. किंवा आमच्या वाईचा ढोल्या गणपती. १७६२ चं देऊळ, कृष्णेच्या अगदी काठावर, आणि पुराचं पाणी दुभंगावं म्हणून मागची भिंत नावेच्या नाळेसारखी टोकदार केलेली. त्या भिंतीची एक बाजू उजळली आणि दुसरी अंधारात ठेवली तरच ती धार दिसते, दोन्ही बाजूंनी सारखे फ्लड मारले तर ती धारच नाहीशी. म्हणजे कुठं दिवा लावायचा नाही हे ठरवणं हे अर्धं काम आहे, आणि नगावर निघणाऱ्या टेंडरमध्ये न लावलेल्या दिव्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

आता कुणी म्हणेल की असा इव्हेंट करायचा म्हणजे मोठा खटाटोप. खटाटोप आहे, पण आपल्याला न झेपणारा नाही. पहिली गोष्ट परवानगी. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी जायचं, केंद्राच्या यादीतल्या स्मारकाला चारही बाजूंनी १०० मीटरचं प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि त्यापुढे २०० मीटरचं नियंत्रित, तिथं मनानं काही करता येत नाही आणि येऊही नये. अर्जातच लिहून द्यायचं की एकही भोक पाडणार नाही, सगळे स्टँड वाळूच्या पोत्यांवर उभे राहतील, दगडाला जिथं पट्टा लागेल तिथं खाली रबर असेल. मग वीज. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्यायचं, प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, जिथं माणसं चालणार तिथं केबलवर रॅम्प, आणि घाटावर असेल तर जोड पाण्यापासून उंच. नदीकाठी पोरं पाय सोडून बसतात, तिथं साध्या टेपनं गुंडाळलेला जोड चालत नाही म्हणजे नाहीच. गर्दीसाठी यायची वाट वेगळी, जायची वेगळी, आणि चालायच्या वाटेवर हलका उजेड कायम चालू, कारण पूर्ण अंधार केला तर वयस्क माणसं पायरीवरून पडतील.

तारखेचा विचार लोक करत नाहीत आणि तिथं फसतात. १६ मे हा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन, २०१८ पासून साजरा होतो, १९६० मध्ये त्याच दिवशी पहिला लेझर चालला म्हणून ती तारीख. आमच्या क्षेत्रातले बरेच लोक त्या दिवशी कार्यक्रम घेतात, घ्यावेत, पण आपल्याकडे मे महिन्यात सूर्य सात वाजता मावळतो, नीट अंधार व्हायला साडेसात, वर उकाडा आणि वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. कार्तिकात सहालाच सूर्य जातो, आभाळ स्वच्छ, हवा छान. म्हणून माझं म्हणणं की घाटावरचं वर्कशॉप त्रिपुरीच्या आधीच्या आठवड्यात घ्यावं. पहिल्या रात्री चंद्र अर्धाच असतो तेव्हा कमी उजेडाचे प्रयोग करावेत आणि पौर्णिमेला सगळे विजेचे दिवे बंद करून फक्त पणत्या लावाव्यात, म्हणजे आठवडाभर लोकांनी जे बघितलं त्याची मूळ उजेडाशी तुलना त्यांची त्यांनाच करता येईल.

आणि माणसं कुठून आणायची? माणसं आपल्याकडे इतकी आहेत की स्वीडनवाल्यांनी हेवा करावा. गणपतीत एका रात्रीत चौकात ट्रस उभा करणारे मंडपवाले, साउंड-लाइटवाले, झाडावर सरसर चढणारे वायरमन, यांच्या हातात जे कसब आहे ते कुठल्या कॉलेजात मिळत नाही. त्यांना आम्ही डिझायनर लोकांनी कधी नीट सामील करून घेतलेलं नाही, ही खरी अडचण आहे. आमचे व्यावसायिक कार्यक्रम होतात ते प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नाहीतर हॉटेलच्या एसी सभागृहात, स्टॉलवर दिवे लखलखत असतात, वर छतालाही दिवे, आणि त्या उजेडात दुसरा उजेड बघायचा. भाषणं होतात, व्हिजिटिंग कार्डं वाटली जातात, वायरमन तिथं फिरकत नाही, नगरपालिकेचा इंजिनिअर फार तर उद्घाटनाला. तोच कार्यक्रम घाटावर घ्या, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटात दोन स्थानिक वायरमन द्या, त्यांना रोजचा मेहनताना द्या, आणि झोत माणसाच्या डोळ्यात न जाता भिंतीवर कसा ठेवायचा, दिव्यावर जाळी किंवा आडोसा का लावायचा हे त्यांच्याशी काम करता करता बोला. पुढच्या वर्षी तेच लोक गणपतीत वेगळं काम करतील. मिरवणुकीत लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या तुमच्याच पानांवर येऊन गेल्यात आणि काही ठिकाणी बंदीचे आदेशही निघालेत. बंदी हवीच, पण चांगलं काय असतं ते कुणी दाखवलं तर लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

पैशांचं म्हणाल तर दिव्यांच्या कंपन्या डेमोसाठी दिवे उसने देतात, ही नेहमीची पद्धत आहे. फक्त एक अट पक्की हवी, की दिवे उसने दिले म्हणून पुढचं टेंडर त्याच कंपनीच्या मापानं लिहिलं जाणार नाही. डिझाइन करणारा वेगळा आणि दिवे विकणारा वेगळा. १९६९ पासून चालत आलेली आयएएलडी ही लाइटिंग डिझायनरांची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतंत्र डिझायनरांचीच म्हणून उभी राहिली ती याच कारणानं. आपल्याकडे बहुतेक वेळा विकणाराच फुकटात डिझाइन करून देतो आणि मग एका देवळावर गरजेपेक्षा दुप्पट दिवे लागतात.

हेही जमत नसेल तर त्याहून स्वस्त रस्ता आहे. ब्रिटनमधल्या काही डिझायनरांनी वीसेक वर्षांपूर्वी गनिमी लाइटिंग सुरू केलं. शे-दीडशे लोक जमवायचे, प्रत्येकाच्या हातात चांगली टॉर्च आणि रंगीत जिलेटिनचा तुकडा, कुणी कुठं उभं राहायचं आणि झोत कुठं धरायचा ते आधी सांगायचं, भोंगा वाजला की सगळ्यांनी एकदम टॉर्च लावायच्या, फोटो काढायचा, पुन्हा भोंगा की बंद. दगडाला धक्का नाही, केबल नाही, आणि एका संध्याकाळी एकाच इमारतीची आठ-दहा रूपं गावाला दिसतात. शाळेतल्या नववीच्या पोरांना घेऊन हे कुठल्याही वाड्यासमोर करता येईल. अर्थात आधी सांगून, परवानगी काढून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघेल. सगळ्या बारा किल्ल्यांवर लायटिंग व्हावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. राजगड, साल्हेर रात्री अंधारातच राहिले पाहिजेत. तिथं वटवाघळं आहेत, घुबडं आहेत, रात्री फुलांवर येणारे पतंग आहेत, आणि वर तारे आहेत. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळं आभाळ जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला, आणि त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. हेही लाइटिंगचंच काम आहे आणि माझ्या मते फार वरच्या दर्जाचं. झाडांना गुंडाळलेल्या माळांविरुद्ध २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, म्हणजे लोकांनाही अती झालेलं कळतंय. वर्कशॉपमध्ये एका गटाला मुद्दाम हेच काम द्यावं की या जागेवरचे कुठले दिवे काढता येतील ते दाखवा. आणि जिथं कायमचे दिवे बसतील तिथं रात्री अकराला ते बंद होतील अशी टायमरची अट करारात असावी.

लोकांना काय विचारायचं तेही आधी ठरवायला हवं, कारण "कसं वाटलं" विचारलं की सगळे "छान" म्हणतात. माझा अनुभव असा की तीन प्रश्न पुरतात. कुठं डोळ्यांना त्रास झाला, कुठं पाय ठेवायला भीती वाटली, आणि आज इथं पहिल्यांदा काय दिसलं. एका चाचणीत शेजारच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा तो कोपऱ्यातला दिवा माझ्या देवघरात येतो." आम्ही जाऊन बघितलं तर खरंच खिडकीतून आरपार देव्हाऱ्यावर झोत. दिव्याला पत्र्याचा आडोसा लावला, काम झालं. कायमचं बसल्यावर तीच तक्रार नगरपालिकेत गेली असती तर तिच्यावर आवक क्रमांक पडून ती फायलीत राहिली असती.

तेव्हा नगरपालिकांना, पुरातत्त्व खात्याला आणि आर्किटेक्चर कॉलेजांना विनंती आहे की या कार्तिकात निदान एका गावानं हे करून बघावं. खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, कायमच्या कामाच्या खर्चात मिसळू नये, आणि लोकांनी भरलेले कागद टेंडरला जोडावेत. आणि संपादकसाहेब, तुम्हालाही एक विनंती. अमुक कोटींच्या विद्युत रोषणाईचं भूमिपूजन अशी बातमी आली की तुमच्या वार्ताहरानं तिथं दोन गोष्टी विचाराव्यात, मॉकअप झाला का, आणि झाला असेल तर कुठल्या रात्री, कुणी बघितला. उत्तर जे मिळेल ते छापावं.

आपली,
एक लाइटिंग डिझायनर
वाई, जि. सातारा